ससाण्यांच्या मोळ्या

लग्न होऊन मी नगरकडच्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावात आले तेव्हा सासऱ्यांशी माझं बोलणं दोन शब्दांचं होतं. मी म्हणायची, "चहा." ते म्हणायचे, "ठेव." निवृत्त मास्तर, कडक माणूस. ते ओसरीत आले की मी पदर पुढं ओढून आत पळायची.

दुष्काळ सरल्यानंतरची ती पहिली दिवाळी. भाऊबीज झाली आणि मामंजींनी फडताळातून एक जाड वही काढली. दरवर्षी या दिवसांत ते गावामागच्या कड्यावर बसून डोक्यावरून जाणारे शिकारी पक्षी मोजत. गरुड, भोवत्या, ससाणे. थंडी पडायला लागली की हे उत्तरेकडून निघतात, काही तर समुद्र ओलांडून जातात, असं ते सांगत. पण त्या साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माझे यजमान एसटीत कंडक्टर, कायम मुक्कामी गाडीवर. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे धरलेले.

"सूनबाईला न्या की," आत्याबाई म्हणाल्या. "तिची नजर लई तेज हाय."

मी सोनईकडची, सपाट रानातली. उसाच्या बांधापेक्षा उंच कशावर कधी चढले नव्हते. कड्यावर पोचले, खाली दरी बघितली आणि खडकाला पाठ लावून, डोळे गच्च मिटून बसले.

"आपलं काम वर बघायचं," मामंजी म्हणाले. "खाली बघायला कुणी सांगितलंय?"

पहिल्या दिवशी मी तीन गरुड मोजले. तिन्ही घारी निघाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळून पाच-सहा भोवत्या गेल्या, बस्स. आम्ही भाकरी खाऊन खाली उतरलो.

चौथ्या दिवशी सकाळी चतुर किडे आले. हवाच त्यांनी भरून गेली. माझ्या पदरावर चतुर, मामंजींच्या टोपीवर चतुर, एक तर त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसला. मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. मामंजी मात्र ताठ झाले.

"यांना खाणारे मागून येतात. बघ."

आणि मागच्या धारेवरून ससाणे आले. लहान, राखी, लांब टोकदार पंखांचे. चतुर पायात पकडायचे आणि उडता उडताच खायचे. एक, दोन, सात, अकरा. मग माझी जीभ अडखळायला लागली.

"मामंजी, लई हायेत. एकेक मोजता यायचं न्हाई."

"दहाचा गठ्ठा नजरेत धर. तो थव्यावर ठेवत पुढं जा."

"मोळीसारखा?"

"कसली मोळी?"

"उसाची. आमच्याकडं मोळ्या मोजत्यात, टिपरी कोन मोजतंय?"

"बरं, मोळी तर मोळी."

त्यांच्या डाव्या खिशात पन्नास चिंचोके होते. मी "मोळी" म्हटलं की ते एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचे. मोळी, मोळी, मोळी. ससाणे गरगरत वर चढत होते, ठिपक्याएवढे होत होते आणि मग पंख आवळून एकामागून एक घसरत जात होते. मी उभी कधी राहिले, पदर डोक्यावरून कधी पडला, कळलंच नाही. त्यांच्याबरोबर मीही मान वर करून गरगर फिरत होते आणि हसत होते. मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, कडा आहे."

मी मटकन खाली बसले तरी आभाळ फिरतच होतं. आडवी पडले आणि तशीच मोजत राहिले. थोड्या वेळानं तेही शेजारी गवतात आडवे झाले. चिंचोके संपले, तेव्हा ते उजव्या खिशातले परत डाव्या खिशात टाकायला लागले.

दुपारी आभाळ रिकामं झालं. डाव्या खिशात सव्वीस निघाले, उजव्यात चोवीस. म्हणजे मोळ्या शहात्तर.

"न्हाई मामंजी. खिसे दोनदा फिरले. एकशे चोवीस."

"एकदाच फिरले."

"तुमी हसत हुता. तुमच्या ध्यानात न्हाई."

"मी हसत होतो?" असं म्हणून ते पुन्हा हसायला लागले. टोपी काढून डोळे पुसले. "कमी लिहावं. पक्षी काही रागवत नाहीत."

वहीत त्यांनी 'सातशे साठ' लिहिलं आणि खाली 'मोजणी: सूनबाई'.

घरी आलो तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. माझ्या उघड्या डोक्यात गवत, मास्तरांच्या पाठीला माती.

"काय झालं वो?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि दोघांनाही हसूच आवरेना.

पुढच्या उन्हाळ्यात नगरला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. स्वच्छ दिसायला लागलं. दिवाळी झाली तशी वही घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"मामंजी, आता तुमाला दिसतंय की," मी म्हटलं.

"दिसतंय. म्हणूनच चल," ते म्हणाले. "तू मोज, मी नुसता बघतो."