एकसष्ट किलो पाचशे

पाटसच्या फाट्यावर मी आणि माझे वडील शिरूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे होतो, त्याला आता चौदा वर्षं झाली. आबांनी माझी पिशवी एका हातानं उचलली, क्षणभर तशीच धरली आणि म्हणाले, "अठरा किलो. तुझ्या आईनं बाजरी जास्तीच कोंबली."

आबांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सत्तावीस सीझन काढले होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी ते वजन सांगत. शिरूरला पोचल्यावर मी ती पिशवी, जिथे कामाला लागलो होतो त्या हॉस्पिटलात, पेशंटच्या काट्यावर ठेवली. अठरा किलो दोनशे. फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "तुमचा काटा तपासून घ्या."

पाटसला राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं तिकडून उठून कारेगाव-शिक्रापूरला खोल्या घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. आपलं जाणं काही फार मोठं नाही. लोक दुबईला जातात. आपण भीमा ओलांडून शेजारच्या तालुक्यात आलो. चौफुला, न्हावरा, शिरूर. कधीही जाता येईल असं वाटायचं, म्हणून माझं गावी जाणं वर्षातून सहा वेळांवर आलं.

सुनीताला, माझ्या बायकोला, रांजणगावच्या कंपनीत काम मिळालं म्हणून आम्ही कारेगावात खोली घेतली. मी रोज बसनं शिरूरला जायचो. डायलिसिसचं काम मी हातानं शिकलो. पेशंट आला की आधी वजन करायचं. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं तेवढं बहुतेक अंगात साठलेलं पाणी, आणि मशीननं काढायचंही तेवढंच. सगळं काम एका वजाबाकीवर चालतं. माझी वजाबाकी कधी चुकली नाही, पण माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. गेल्या वर्षी हॉस्पिटलनं सांगितलं, परीक्षा पास व्हा, नाहीतर मशीन सोडून वॉर्डात जा. परीक्षेची जवळची तारीख चुकली तर पुढची सहा महिन्यांनी होती, आणि तेवढं थांबायला हॉस्पिटल तयार नव्हतं.

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी वह्या घातल्या. आठ तासांची ड्यूटी, जाता-येता बसमध्ये दीड तास अभ्यास, जेवणाच्या सुट्टीत वीस प्रश्न. चौथ्या खुर्चीवरच्या पेशंट मावशी, मी सुई टोचताना विचारायच्या, "मास्तर, हे पाठ झालंय ना? का माझ्यावरच पेपर सोडवताय?" सुनीता म्हणायची, "पोरीची बारावी झाली, आता नवऱ्याची."

सगळ्यात जास्त आनंद आबांना झाला होता. ते म्हणत, "कागद पायजे रं. माझ्याकडं कागद न्हवता, म्हणून मी शेवटपातुर सीझनल."

त्याच सुमारास आबांचं हृदय कमजोर झाल्याचं कळलं. दौंडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज सकाळी वजन करा. दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी या. मी त्यांना डिजिटल काटा नेऊन दिला. त्यांनी आधी एकट्यानं, मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन हातात धरून वजन केलं. फरक बरोबर पाच आला, तेव्हा कुठे त्यांनी काटा पसंत केला. दोनशे पानी वही घातली. रोज सकाळी सात वाजता मी बसमधून फोन करायचो.

"जय भीम, आबा."

"जय भीम. एकसष्ट पाचशे. ठेव आता, अभ्यास कर."

तो आकडा मी अभ्यासाच्या वहीच्या समासात लिहायचो. परीक्षेआधीचे अकरा दिवस समासात एकच आकडा आहे. एकसष्ट किलो पाचशे, अकरा वेळा. माणसाचं वजन अकरा दिवस ग्रॅमला ग्रॅम तेच राहत नाही, हे मला माहीत होतं. एखाद्या पेशंटचं असं दिसलं असतं तर मी त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं असतं. मला शंका आलीही, पण ती काट्याची. नवव्या दिवशी मी म्हणालो, "आबा, सेल उतरले असतील. बदलून बघा."

"काटा मला शिकवू नगं. तू पुस्तक बघ," आबा म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. मी विचारलं तर म्हणाले, "पाणी भरून आलोय."

माझ्या वडिलांनी वजन खोटं सांगितलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परीक्षा रविवारी पुण्यात होती. शंभर प्रश्न. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं वजन चार दिवसांत दोन किलो वाढलं तर पहिल्यांदा काय कराल, असा एक प्रश्न होता. मी बरोबर उत्तर लिहिलं. बाहेर येऊन मोबाइल चालू केला, तर आईचे सात कॉल येऊन गेले होते.

मी दौंडला पोचलो तेव्हा आबांच्या नाकाला नळी होती आणि पाय सुजून गुळगुळीत झाले होते. केसपेपरवर वजन होतं सहासष्ट दोनशे. मी उभ्या उभ्या वजाबाकी केली. चार किलो सातशे.

आबांनी डोळे उघडून विचारलं, "सोडलं न्हाईस ना एखादं?"

"न्हाई. शंभरच्या शंभर लिव्हले."

"झालं तर मग."

मंगळवारी ते गेले. आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मला धीर देण्यासाठी बोलले असतील.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईनं ती दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात सगळे खरे आकडे होते. बासष्ट, बासष्ट चारशे, त्रेसष्ट शंभर, असे चढत परीक्षेच्या सकाळी पासष्ट नऊशे. आबा फोनवर खोटं बोलले, पण वहीत त्यांना खोटं वजन लिहिता आलं नाही. शेवटच्या आकड्याखाली दोन आडव्या रेघा होत्या. काट्यावर पाळी संपली की ते अशाच रेघा मारत.

आई म्हणाली, "मी म्हणत व्हते, पोराला सांगते. तर माझ्यावरच वराडले. त्याचा पेपर हुकला तर मी सवताला माफ करणार न्हाई, म्हणले."

मी पास झालो, शंभरपैकी एक्क्याऐंशी. हॉस्पिटलच्या भिंतीवर आता सर्टिफिकेट लावलं आहे. मावशींनी पेढा मागितला, तो मी दिला.

आई कारेगावला यायला तयार नाही. म्हणून दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी पाटसला जातो. पूर्वी वर्षातून सहा वेळा जायचो, आता महिन्यातून चार वेळा जातो. वाट तीच आहे आणि तेवढीच आहे. आईला काही झालेलं नाही, तरी मी तिला काट्यावर उभी करतो आणि वाकून आकडा स्वतः बघतो. फोनवर विचारत नाही. माझ्यापुरतं घर आता एवढंच उरलं आहे: आठवड्यातला एक वार, आणि समोर उभं राहून बघायचं एक माणूस.

निघताना आई पिशवी भरते. आबांसारखी एका हातानं उचलून बघते. तिला अंदाज कधीच येत नसे, तरी सांगते, "सतरा."

शिरूरला पेशंटचा काटा आहे, रोज सकाळी मीच तपासलेला. पिशवी मी त्याच्यावर ठेवत नाही. गावाहून येणारा एवढा एकच आकडा मी अजून न तपासता घेतो.