हवेची पाळी

हवेतल्या कुठल्या लहरी कुणाला द्यायच्या, यावर दिल्लीत कायदे होतात आणि पेपरात त्यावर रकानेच्या रकाने छापून येतात. मी ते वाचत नाही. पिंपळगाव रेणुकाईत माझ्या आत्याने हेच काम चहा निवायच्या आत उरकलं होतं.

नव्वदनंतरची गोष्ट. गावात फोन आले आणि त्यांच्यामागून लांब पल्ल्याचे कॉर्डलेस आले. फोन घरात, माळवदावर उंच अँटेना, आणि हँडसेट घेऊन माणूस मळ्यात. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जालन्याहून एक आणला. लगेच त्याच दुकानातून मोठ्या बाबांनीही आणला. मोठे बाबा म्हणजे अण्णांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. बाभूळ केव्हाच वाळून चुलीत गेली, अबोला मात्र हिरवागार होता.

दोन्ही कॉर्डलेस एकाच लहरीवर चालणारे निघाले. अण्णा भोकरदनच्या खतवाल्याशी बोलायला लागले की मधेच मोठ्या बाबांचा खोकला ऐकू यायचा. आता 'फोन ठेवा' म्हणावं तर अबोला मोडतो. मग अण्णा खतवाल्यालाच सांगायचे, लाइनवर कुणी असेल तर त्याला ठेवायला सांगा. मोठे बाबाही खतवाल्यालाच सांगायचे, आधी त्याला ठेवायला सांगा. तो बिचारा भोकरदनला बसून याचा निरोप त्याला आणि त्याचा याला देत राहायचा. खत मागवायचं राहूनच जायचं.

तक्रार करायचीही सोय नव्हती. लाइनमनने बजावून ठेवलं होतं, की असल्या कॉर्डलेसला सरकारी परवाना लागतो आणि तो तुम्हा दोघांकडेही नाही. हवा सरकारची आहे. साहेब आले तर दोन्ही उचलून नेतील. अण्णांना हा कायदा बिलकुल पटला नाही. जमीन आपली, विहीर आपली, मग वरची हवा तेवढी सरकारची कशी, असं ते जेवताना आईला दरडावून विचारायचे, जणू कायदा तिनेच केला होता. तक्रार मात्र कुणीच केली नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

शेवटी धावड्याहून आत्या आली. दोघांची एकुलती एक बहीण, दोघांचेही कान धरायचा हक्क असलेली. ती आधी मोठ्या बाबांकडे बसली, मग आमच्याकडे, आणि दोन्हीकडे एकच निकाल सांगून मोकळी झाली. सामायिक विहिरीवर ज्या दिवशी ज्याची पाण्याची पाळी, त्या दिवशी हवाही त्याची. दुसऱ्याने कॉर्डलेस बंद ठेवायचा आणि घरातल्या साध्या फोनवर भागवायचं. दोघांनीही मुकाट्याने मान डोलावली. धुऱ्यावरून हमरीतुमरीवर आले होते खरे, पण पाण्याची पाळी त्यांच्यापैकी कुणी कधी मोडली नव्हती.

त्याच सुमाराला बदनापूरचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा मला आवडला होता. हे मी कुणाला बोलले नाही, पण दिवसभर फोनवरची धूळ पुसत होते, त्यावरून आईने काय ओळखायचं ते ओळखलं. निरोप काही येईना. मग कानावर आलं, की ज्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही तिथे सोयरीक कशाला करायची, असं त्यांच्याकडे चाललंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

फोन आला तो आमच्या पाळीच्या दिवशी, सकाळी. अण्णांनी मळ्यात हँडसेट उचलला आणि मी घरातला साधा फोन गुपचूप कानाला लावला. मुलाच्या वडिलांनी आडपडदा न ठेवता विचारलं, थोरल्या भावाशी तुमचं बोलणं नाही म्हणतात, ते खरं का?

अण्णा खोटं बोलण्यात कच्चे. ते नुसतेच "हं, म्हणजे तसं..." करत राहिले. संपलं सगळं, असं वाटून मला रडू फुटलं. तेवढ्यात लाइनवर ओळखीचा खोकला आला.

"पाव्हणं, मी पोरीचा थोरला चुलता बोलून राह्यलो. आमचं भांडण असतं तं आम्ही दोघं एका फोनवर असतो का?"

पलीकडे मुलाचे वडील मोठ्याने हसले. हे मात्र बराबर आहे म्हणाले, आणि तारीख काढायला घरी येतो असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी ठेवला नाही. त्या दोघांनीही ठेवला नाही. दोघांच्याही मागे त्याच सामायिक विहिरीवरची मोटर चाललेली ऐकू येत होती. मग अण्णांनी घसा खाकरला.

"दादा, आज पाळी माझी व्हती."

"मंग बोल ना," मोठे बाबा म्हणाले. "मी ऐकूनच राह्यलो."