साहेबाची चार मरणं

मेलेल्यांवर इतकं प्रेम आणि जिवंतांवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका इंग्रज निघाला. सगळे इंग्रज बोचकी बांधून गेले त्याला पाच-सात वर्षं झाली होती, तेव्हा हा एकटा उलटा आला. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला, बैलगाडीत बसला आणि आमच्या गावात येऊन शाळेच्या खोलीत राहिला. पेशाने इतिहासकार, मोठमोठ्या माणसांची चरित्रं लिहायचा. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडात जमिनी मोजत फिरलेला कुणी इंग्रज अधिकारी आमच्या भागात आला आणि त्यानंतर कागदांतून जो नाहीसा झाला, तो कुठेच सापडत नव्हता. त्याचा शेवट कसा झाला, हे शोधायला साहेब आले होते.

गावात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून दुभाषी मीच. सोबत पहारा म्हणून आत्या. आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "तो तुमचा कोन लागते जी? चुलता?"

साहेब म्हणाले, कोणीच नाही.

"मंग कायले उन्हातानात हिंडून राह्यले? त्याचे पोरं काय करून राह्यले?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, हा प्रश्न मला विद्यापीठातही कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मलाही अजून सापडलेलं नाही.

त्यांची खोड अशी, की ज्याचं चरित्र लिहायला घेत त्याच्यासारखे वागू लागत. राजाचं लिहिताना घरातल्या मांजरीने परवानगीशिवाय बसलेलं त्यांना खपत नसे, हे त्यांनीच मला सांगितलं. धर्मगुरूच्या चरित्रापायी दोन वर्षं उपास काढले. एका लंगड्या सेनापतीचं पुस्तक संपलं तरी पायाला ते कळायला सहा महिने लागले. आता जमीन मोजणाऱ्याचं चालू होतं, म्हणून हे पावलं मोजत चालायचे. मोजणी चालू असताना बोललेलं चालत नसे. पाटलांनी एकदा "रामराम साहेब" म्हटलं, तर यांनी एक बोट वर केलं आणि तसेच पुढे निघून गेले. पाटील तिथेच उभे. थोड्या वेळाने साहेब परत आले, "चारशे बारा" म्हणाले आणि मग रामराम घातला. तेव्हापासून गावातले लोक एकमेकांना भेटले की "चारशे बारा" म्हणू लागले.

शिवाय खिसे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट ते एका चिठ्ठीवर लिहीत. पक्की गोष्ट उजव्या खिशात, संशयाची डाव्या खिशात. आमच्या गावात आल्यावर उजवा खिसा फुगून त्यांचा कोट एका बाजूला कलला, कारण आमच्याकडे दारी आलेल्याला "नाही" म्हणत नाहीत. भाकरी नसेल तर गूळ देतील, गूळ नसेल तर पाणी. आणि हा पाहुणा तर मागत होता नुसती आठवण. ती नसली म्हणून त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? ही विहीर त्या अधिकाऱ्याने खणली का? "हो जी, त्यानंच त खनली!" तो तापाने गेला का? "तापानंच." दुसऱ्या घरी वाघाने, तिसऱ्या घरी विहिरीत पडून, चौथ्या घरी तो मेलाच नाही, गोसावी होऊन काशीला गेला. साहेबांनी चारही घरी पुन्हा जाऊन चारही मरणं विचारली. चारही घरांनी चारही मरणांना मान डोलावली. साहेब पुरते गोंधळले, पण आनंदाने.

आणि मी? माझं इंग्रजी तेव्हा नुकतंच शालू नेसलं होतं, त्याला मिरवायची हौस. म्हातारा नुसतं "हो जी" म्हणाला, की मी त्याच्या दहा ओळी करायची: "सगळी प्रजा त्यांच्यावर जीव टाकीत असे." प्रजा समोर तंबाखू मळत बसलेली. भागीरथा म्हातारी तेवढी अडखळत म्हणाली, की माझ्या आजीने एका गोऱ्या माणसाला ताक पाजलं होतं म्हणे. एवढंसं ताक काय सांगायचं, म्हणून मी त्याची चांदीच्या पेल्यातली मेजवानी केली.

शेवटच्या दिवशी साहेबांनी मला हस्तलिखिताचा गठ्ठा दाखवला. नऊ वर्षांचं काम, फक्त शेवटचं प्रकरण राहिलेलं. म्हणाले, "हे माझं शेवटचं पुस्तक. वाटलं होतं, अपुरंच राहील. तुमच्यामुळे पुरं होतंय." बोलताना ते गठ्ठ्याच्या कडा पुन्हा पुन्हा सारख्या करत होते. मला पहिल्यांदाच कळलं, की हा खेळ नव्हता. मी रडत सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. एकेक चिठ्ठी काढून विचारत गेले. विहीर? माझ्या आजोबांनी खणली. वाघ? खोटा. काशी? खोटी. चांदीचा पेला? तो माझा; म्हातारीने नुसतं ताक सांगितलं होतं. उजवा खिसा रिकामा झाला, कोट सरळ झाला.

"आणि ताक?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "असेलही."

त्यांनी ती चिठ्ठी डाव्या खिशात ठेवली.

दोन-तीन वर्षांनी पुस्तक टपालाने आलं. शेवटचं प्रकरण दीड पानाचं. यापुढचं काही कळत नाही, एवढंच त्यात होतं. आमचं गाव नाही, ताक नाही. खरं बोलून मी त्या माणसाला लाजेपासून वाचवलं, की त्याचं पुस्तक कायमचं अपुरं ठेवलं, याचा घोळ या वयातही मला सुटत नाही.

पुस्तक आल्याचं ऐकून भागीरथा म्हातारी काठी टेकत आमच्या ओसरीवर आली. "माही आजी आली काय वं त्या बुकात?"

मी म्हणाले, "आली ना. हे काय, इथं."

तिने त्या दीड पानावरून बोटं फिरवली. दिसत तिला काहीच नव्हतं.

"आंबट झालं होतं म्हने ते ताक," ती हळूच म्हणाली. "तेही लिव्हलं काय त्यानं?"

"नाही," मी म्हणाले. "गोड होतं असं लिहिलंय."