हवेतले नऊ तास

गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून, विमानाच्या तिकिटांचं ऑफिस. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि उन्हानं विटलेला जगाचा नकाशा. तिथं एकवीस वर्षं बसून तिकीटताईंच्या पाठीची पार कमान झालीय. हजारोंना उडवलं, पण स्वतःला उडायला ना फुरसत मिळाली ना कुणी विचारलं.

या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकानं ‘किती तास?’ विचारलं की फक्त हवेतले तास सांगायचे. मधलं ताटकळणं, रांगा, सामान, टॅक्सी यातलं काही धरायचं नाही. खरं बोललं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मालकानं पहिल्याच दिवशी हे बजावलं आणि ताईंच्या जिभेला तेच वळण पडलं. थोरली बहीण सात हजार किलोमीटरवरच्या शहरात नोकरीला गेली, तेव्हा आईलाही त्यांनी सवयीनं सांगून टाकलं, “नऊ तास.”

आता आई आतड्याला पीळ पडून इस्पितळात. बाराच्या आत पोट उघडायलाच हवं, असं सर्जननं सांगितलेलं. आणि ही संमतीच्या कागदावर सही करेना.

“थोरलीला बघितल्याशिवाय आत जायची नाही. काल रात्री दहाला निघाली ना? सकाळी सातलाच यायला हवी. आता साडेनऊ झाले.”

“येईल गं. तू सही कर.”

“मला गिऱ्हाईक समजू नकोस. ती निघालीच नसेल.”

ताई रात्रभर बाकड्यावर बसून होत्या. खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं, ते उरलं नव्हतं.

“ती अर्ध्या वाटेत आहे, आई. दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलीय. नऊ तास नुसते हवेतले. दारापासून दारापर्यंत एकोणीस लागतात. संध्याकाळी पाचच्या आत येत नाही ती.”

आईनं बोटांवर तास मोजले.

“दरवेळी एकोणीस?”

“दरवेळी.”

“आणि मी तिला दारातच म्हणायची, नऊ तासांचा तर रस्ता, वर्षातनं दोनदा यायला काय धाड भरलीय तुला?” आईनं श्वास गोळा केला. “आल्या आल्या आडवी व्हायची, तर म्हटलं, माहेरी काय झोपायला येतेस? ती कधी उलटून बोलली नाही.”

“तिला वाटायचं, तुला माहीत आहे.”

“आणि तू ऐकत उभी.”

नर्स दारातून दुसऱ्यांदा डोकावून गेली.

“आण तो कागद,” आई म्हणाली. सही रेघ सोडून खाली घसरली. स्ट्रेचर हलायला लागलं तशी तिनं ताईंचं मनगट धरलं. “मी शुद्धीवर आले तरी तिला हाक मारायची नाही. आली की या बाकड्यावर झोपू दे. आपणहून उठेल तेव्हा भेटेन.”