मजकूर आणणाऱ्याची सही

बारामतीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची पत्रं, शाळांचे अहवाल. अठरा वर्षं हेच काम केलं. या कामाचा एकच नियम: मजकूर आणेल तो मालक. प्रूफ काढायचं, त्याच्यापुढे ठेवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. सही झाली की चूक त्याची. नवरीच्या मामाचं नाव राहिलं म्हणून भांडायला आलेल्या माणसांपुढे मी फक्त तो कागद ठेवत असे. ती निमूट परत जात.

पुढे निमंत्रणं मोबाइलवर जाऊ लागली आणि काम कमी झालं. एका दैनिकाचे तालुका प्रतिनिधी त्यांच्या बातम्या माझ्याकडे टाइप करून घ्यायचे. टाइप करता करता मी त्या दुरुस्तही करायचे. एकदा ते म्हणाले, "ताई, तुम्हीच लिहीत जा की." चेष्टेतच म्हणाले, पण मी मनावर घेतलं. बी.ए.चं प्रमाणपत्र ट्रंकेतून काढलं आणि पत्रकारितेच्या पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातलं. शनिवार-रविवार वर्ग. बाकीची मुलं बावीस-तेवीसची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर दोघं उठून उभी राहिली. त्यांना मी शिकवायला आले असं वाटलं.

शिकवणारे सर पुण्यातल्या एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले उपसंपादक होते. मी त्यांना माझा सहीचा नियम सांगितला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बातमी परत येते तेव्हा सही करणाऱ्याकडे जात नाही, लिहिणाऱ्याकडे येते." मला ते पटलं नाही. वादही घातला नाही.

वर्षाअखेरीस छापून आलेल्या दहा बातम्या फाइलला लावून द्यायच्या होत्या. माझी चौथी बातमी निधनाची. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत एक म्हातारे गेले होते. मेंढरांच्या आजारांवर औषध देणारे म्हणून आसपासच्या गावांत त्यांना ओळखत. प्रतिनिधींनी फोन करून मला जायला सांगितलं. स्कूटीवर गेले. ओसरीवर पुरुष बसले होते. थोरल्या मुलाने मजकूर सांगितला, मी वहीत उतरवला.

"प्रगतशील शेतकरी लिव्हा," तो म्हणाला. "पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं."

"मुली?"

"न्हाय तसं कुणी."

"तसं" हा शब्द मी ऐकला होता. पुढे विचारलं नाही. वाचून दाखवलं आणि सवयीने वही पुढे केली. त्याने सही केली. आत बायका बसल्या होत्या. मी उंबरठा ओलांडला नाही. दुकानात येऊन कॉम्प्युटरवर निधनाची जुनी फाइल उघडली. त्यात "मनमिळाऊ स्वभावाचे" हे आधीपासूनच लिहिलेलं असतं. नाव आणि गाव बदललं आणि पाठवून दिलं. दहा मिनिटांचं काम.

बातमी तिसऱ्या दिवशी आली. त्याच दुपारी एक बाई दुकानात आली. चाळिशीची, गळ्यात शिंप्याची टेप तशीच लटकलेली. जळोचीत ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते असं तिनं सांगितलं. प्रतिनिधींनी तिला माझा पत्ता दिला होता. तिनं पेपर काउंटरवर ठेवला, घडी उलगडली आणि बातमीवर बोट ठेवलं.

"हे तुमी लिव्हलं?"

"हो."

"ह्ये माझे आबा."

मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"धा वाजता शेजारच्या दुकानात पेपर वाचला, तवा कळलं. आठ वाजता सावडून झालं हुतं. मला कुणी फोन केला न्हाय." मग म्हणाली, "आन तुमच्या पेपरात म्या न्हाईच."

वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावांना सोडल्याच्या कागदावर, हक्कसोडपत्रावर, तिने सही केली नव्हती. तेव्हापासून माहेर बंद. हे तिने दोन वाक्यांत सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही.

सवयीने माझा हात वहीकडे गेला. भावाची सही दाखवायला. पान उघडलंसुद्धा. मग मला ते फार हलकं वाटलं आणि मी वही मिटली.

"प्रगतशील कसले," ती जाताना म्हणाली. "जलमभर मेंढरं राखली त्येंनी. ऊस पोरांचा. दुरुस्त करा तेवढं."

त्या संध्याकाळी मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझ्या वडिलांच्या दशक्रियेचं पत्र शोधलं. माझं माहेर लोणी भापकर. मजकूर भावाने आणला होता, जुळणी मी केली होती. त्यात दोघं भाऊ, पुतणे, चुलते, भावकी, सगळे होते. मी नव्हते. मीच टाइप केलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. भावाची सही तेवढी घेतली होती.

सरांना फोन केला. त्यांनी सांत्वन केलं नाही. एवढंच विचारलं, "त्या घरात तुम्ही कोणाकोणाला विचारलंत?" मी म्हटलं, एकाला. ते म्हणाले, "मग उरलेल्यांना विचारून या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरवांगी. थोरला ओसरीवरच होता.

"मॅडम, मी सांगितलं तसं छापलं. सही बी केली. आता काय राह्यलं?"

"एक मुलगी राहिली."

"आसं. ती आली व्हय तुमच्याकडं? सही करायला येत न्हाय, पेपरात नाव घालायला बरी आली."

"तिला कळवलं होतं का?"

तो धाकट्याकडे बघायला लागला. धाकटा जमिनीकडे. मी या वेळी विचारत थांबले नाही, सरळ आत गेले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं आणि मुलीला कधी कळवलं ते विचारलं.

"पोरांनी फोन केला की," ती म्हणाली. "येत न्हाय म्हणाली ती. बाप मेला तरी आली न्हाय. चार दिस झालं, तिचं नाव बी घेत न्हाय मी."

"तिला फोन गेला नाही. तिनं काल पेपरात वाचलं."

दारात थोरला येऊन उभा राहिला होता. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं.

"तू म्हणलास केला."

"आये, ती आली असती तर हितं तमाशा—"

"त्ये मला ठरवू द्यायचं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, लिव्ह. दोन ल्योक आन एक लेक. आन मेंढरं राखायचा, त्ये बी लिव्ह. त्येच्यावर पोरं जगली." मी वहीत उतरवलं तशी म्हणाली, "त्या दिशी मला कुणी इचारलं न्हाय. तू बी न्हाय."

बरोबर होतं ते. मी मोबाइलवर जळोचीच्या लेकीचा नंबर लावला, म्हातारीच्या हातात दिला आणि परसात जाऊन उभी राहिले. वलणीवर एक काळं घोंगडं वाळत होतं. आतलं बोलणं मला ऐकू आलं असतं. मी आणखी चार पावलं पुढे गेले. बऱ्याच वेळाने एक लहान नात मोबाइल घेऊन आली. तो ओला झाला होता.

सातव्या दिवशी दुरुस्ती आली, तीन ओळींची, पानाच्या तळाशी. दशक्रियेला लेक गेली. भावांनी तिच्याशी बोलणं टाळलं, आईने तिला शेजारी बसवून घेतलं, हे मला तिनेच सांगितलं. अभ्यासक्रमाच्या फाइलमध्ये मी चुकीची बातमी आणि दुरुस्ती एकाच पानावर चिकटवली. सरांनी दोन्ही मिळून एकच बातमी धरली. मला आणखी एक लिहावी लागली. प्रमाणपत्र मिळालं, ते दुकानात लावलेलं नाही. निधनाची जुनी फाइल मात्र पुसून टाकली.

वर्ष झालं. परवा थोरला दुकानात आला. वर्षश्राद्धाच्या पत्राचा मजकूर घेऊन. मला वाटलं होतं तो दुसरीकडे जाईल. कागद पुढे ठेवून म्हणाला, "बघून घ्या. न्हाय तर परत येताल घरी." मी वाचला. नावांच्या यादीत अगदी शेवटी, नातवंडांच्याही खाली, बहिणीचं नाव होतं.

"क्रम बरोबर आहे?"

"हाय तसा ऱ्हाऊ द्या."

मी प्रूफ काढलं, त्याने सही केली आणि तो गेला. मी लगेच छापायला दिलं नाही. आधी जळोचीला फोन केला. तिचं नाव आलं आहे, पण शेवटी आहे, चालेल का, असं विचारलं. तिच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"आईचं हाय का?" तिने विचारलं.

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. नव्हतं.

"मग आदी तिचं घाला," ती म्हणाली. "माझं कुठं बी चालंल."

मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी फोन ठेवला आणि थोरल्याचा नंबर लावला.