कोरा राहिलेला रकाना

अकरा वर्षं मी मनात विश्वास नसताना आमच्या ख्रिस्ती मंदिरात ऑर्गन वाजवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा माझ्याबद्दल भलता समज व्हायला नको. ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. ऑर्गन वाजवायला पाय हलवावे लागतात, बोटं हलवावी लागतात. विश्वास असलाच पाहिजे असं काही नाही. रविवारी सकाळी घंटा झाली की मी जाऊन बसायचो, चार गीतं वाजवायचो, पाळकसाहेबांना सलाम करून घरी जेवायला यायचो. नोकरीवर जातो तसा जायचो, आणि नोकरीवर मी कधी उशिरा गेलो नाही.

आमच्या मंडळीत त्या ऑर्गनला सगळे पायपेटी म्हणतात. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी इथले गोरे पाद्रीसाहेब मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या बंगल्यातून ती बैलगाडीवर मंदिरात आली. गाडीतून उतरवताना माझ्या वडिलांनी एका कोपऱ्याला हात लावला होता, आणि तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर तिला आपलीच समजत होते. मला त्यांनीच तिच्यापुढे बसवलं. पाय पोचत नव्हते तेव्हा ते खाली बसून हातांनी भाता दाबायचे आणि मी वर सूर शोधायचो.

माझी नोकरी मोजणी खात्यात झाली. बिडकीनकडची, पैठणकडची शेतं मोजण्यात उमर गेली. जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले, तेव्हापासून आम्ही दोन रकान्यांचा एक तक्ता कायम जवळ बाळगायचो, एका बाजूला नवा नंबर, दुसऱ्या बाजूला जुना. तो न बघता निघालं की माणूस गणपतच्या शेताऐवजी रहीमभाईच्या शेतात साखळी टाकून मोकळा व्हायचा. मंदिरातही पुढे तसंच झालं. गीतांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि गीतांचे क्रमांक बदलले. पण मी ज्यावरून वाजवायचो ते सुरांचं पुस्तक जुन्याच क्रमांकांचं होतं, ते पुन्हा कुणी छापलं नाही. म्हणून मी मोजणीवाल्याच्या सवयीने तक्ता केला आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पाळकसाहेब नवे क्रमांक कळवत, मी तक्त्यात बघून जुने काढी आणि पान उघडून वाजवी.

त्या तक्त्यात एकच रकाना कोरा होता. नवा क्रमांक दोनशे एकतीस, आणि पुढे काही नाही. जुना मी मुद्दामच लिहिला नव्हता. ते गीत आमची मुलगी रूथ हिच्या मातीच्या वेळी म्हटलं होतं. एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगचं शिकत होती. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत संपलं. निजायच्या वेळी लेकरू हातातला दिवा आईकडे देऊन टाकतं, तसं हे आयुष्य तुझ्याकडे देतो, अशा अर्थाचं ते गीत आहे. मी काही दिलं नव्हतं, माझ्याकडून ओढून घेतलं होतं. त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांना सांगितलं की हे गीत पुन्हा लावू नका. त्यांनी मान डोलावली. माझ्या पत्नीला, मार्थाला, मी काही विचारलं नाही. मंदिरात बायकांच्या बाजूने सूर धरणारी ती, सगळी मंडळी तिच्या मागून म्हणायची. पण हे तिला विचारायला हवं, असं माझ्या मनातही आलं नाही.

असं चाललं होतं, आणि एका सकाळी चहा गाळताना मार्थाच्या हातून गाळणी पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, नाय. भूक लागली तरी नाय, पोट भरलं तरी नाय. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणार नाही, सराव करून घ्या. मी सराव मोजणीसारखाच करून घेतला. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या, चहा, पाणी, चादर, भाकर. सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस. ती प्रत्येक चिठ्ठीकडे बघून नाय म्हणायची, आणि कधीकधी माझ्याकडे बघून हसायची. माझी चिकाटी तिला पहिल्यापासून हास्यास्पद वाटत आलेली आहे.

पण एका बाबतीत ती हसत नसे. माझं सुरांचं पुस्तक मी घरी आणून ठेवलं होतं. ती त्यावर डावा हात ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, नाय, नाय. हे रोज व्हायचं. मला वाटलं, रविवारी तिला एकटं टाकून मी वाजवायला जाऊ नये, असं तिचं म्हणणं आहे. म्हणून मी जाणं बंद केलं आणि पुस्तक कपाटावर ठेवलं. तर ती कपाटाकडे बोट करून रडायची. तिला मला काहीतरी सांगायचं होतं आणि ते न सांगताच ती जाईल, अशी भीती मला वाटायला लागली. प्रार्थना करावी असं वाटे, पण अकरा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याच्यापुढे एकदम गरज घेऊन कसं उभं राहायचं, याची लाज वाटायची.

पाच महिने पेटी बंद राहिली. बजाजनगरच्या तरुण मंडळींनी कीबोर्ड आणला होता, त्यावर रविवारची भक्ती चालली. कीबोर्डशी माझं वैर नाही. चांगला वाजतो, पोरं उत्साहाने म्हणतात. फक्त त्याला दम लागत नाही आणि त्यामुळे तो कुणासाठी थांबत नाही. जुन्या गीतांना चार ओळींचं कडवं असतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी पेटी श्वास घेते आणि तेवढ्यात सत्तर वर्षांची म्हातारीही घेते. पुढची ओळ कुठे जाणार आणि शेवटी कुठे येऊन टेकणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवं काही घडत नाही. माणसाचं मन थकलेलं असलं की त्याला नवं काही नकोच असतं, असं मला वाटतं.

एक दिवस पाळकसाहेब घरी आले. हंगामाच्या आभाराची भक्ती होती, म्हातारी मंडळी पेटीचं विचारत होती. मार्थाताईंनाही घेऊन या, म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. पण मार्थाने पुस्तकाकडे बोट केलं आणि या वेळी ती रडली नाही, म्हणून मी हो म्हणालो.

पेटी उघडली तर उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलेलं. शहागंजकडचे एक चाचा हार्मोनियम दुरुस्त करतात असं कळलं, त्यांना बोलावलं. त्यांनी असलं धूड पूर्वी एकदाच पाहिलं होतं. शनिवारी दुपारभर ते पेटीच्या पोटात डोकं घालून बसले आणि सगळं कातडं नवं घातलं. निघताना मला म्हणाले, "साब, अब पावां रुके तो बी थोडी देर दम रहता इसमें. पहले जैसा फट से मरता नहीं." मी बरं म्हणालो. तेव्हा त्याचं मला काही विशेष वाटलं नाही.

रविवारी रिक्षा मिळायला वेळ लागला. चाकाची खुर्ची घडी करून आत घातली, मार्थाला धरून बसलो, क्रांती चौकात नेहमीचा खोळंबा. मंदिरात पोचलो तेव्हा घंटा झालेली. दाराशी दोन पायऱ्या, खुर्ची चौघांनी उचलून घेतली. मार्थाला पहिल्या बाकाशेजारी ठेवलं. तिथे बिडकीनच्या सगुणाबाई बसल्या होत्या, एसटीने येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. त्यांनी तिचा हात हातात घेतला. मी धावतच पेटीशी गेलो, झाकण वर केलं. फळ्यावर पहिलं गीत होतं एकशे सत्त्याऐंशी. पुस्तकात एकशे सत्त्याऐंशी काढलं आणि वाजवायला लागलो.

तक्ता डोळ्यांसमोर होता. तो मी बघितला नाही. आयुष्यभर लोकांना तक्ता बघा म्हणून सांगणाऱ्या माणसाने नवा क्रमांक जुन्या पुस्तकात उघडला.

आमच्याकडे आधी पेटीवर एक ओळ वाजवतात, मग मंडळी उभी राहून म्हणायला लागते. ती ओळ मी वाजवली. बोटांना ती ओळखीची वाटली, पण कानाला कळायला ओळ संपावी लागली. ते रूथचं गीत होतं. मंडळीच्या हातात पिकाच्या आभाराचं गीत उघडलेलं, आणि पेटीतून हा सूर आलेला. कुणीच म्हणेना. माझी बोटं शेवटच्या सुरांवर तशीच राहिली आणि पाय थांबले. पूर्वीची पेटी असती तर आवाज तिथल्या तिथे गेला असता. चाचांनी घातलेल्या कातड्यात दम होता. सूर तसाच टिकून राहिला, हळूहळू बारीक होत. मी तो संपायची वाट बघत होतो, म्हणजे माफी मागून दुसरं पान काढता आलं असतं.

तो संपायच्या आत मार्थाने गीत म्हणायला सुरुवात केली.

शब्द स्पष्ट होते. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. जिला पाच महिने एकच शब्द येत होता ती न अडखळता म्हणत होती आणि तोंड थोडं वाकडं असल्यामुळे काही अक्षरं तेवढी जड येत होती. मी मान वळवून बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. माझे पाय पुन्हा कधी चालू झाले मला माहीत नाही. तिसऱ्या ओळीला सगुणाबाई मिसळल्या, मग बायकांची बाजू, मग सगळे. हातातली पुस्तकं भलत्याच पानावर उघडी होती आणि सगळ्यांना ते गीत तोंडपाठ होतं. तिचा श्वास पुरत नव्हता तिथे मी ओळीच्या शेवटी जास्त थांबलो आणि मंडळीही थांबली. मी रडत होतो. दोन्ही हात कामात असले की नाक पुसता येत नाही, एवढंच त्या वेळचं मला नीट आठवतं.

भक्ती सुटल्यावर मी सगुणाबाईंना म्हणालो, चूक झाली, तक्ता बघायला विसरलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं, पुसा म्हणून. मग म्हणाल्या, "भाऊ, अकरा वर्षं झाली हे गीत म्हणून. माझ्या मालकाच्या मातीला बी नाय म्हटलं आम्ही. तुम्हाला सोसायचं नाय म्हणून."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला वाटत होतं की हा माझ्या आणि पाळकसाहेबांमधला मामला आहे. दफनभूमीत तर पेटीही नसते, तिथे कुणी काय म्हणावं हे माझ्या हातात नव्हतं. तरी अकरा वर्षांत जेवढी माणसं गेली त्यांना या लोकांनी या गीताशिवाय माती दिली, आणि मला कळू दिलं नाही. देव मला विचारत नाही म्हणून मी रुसून बसलो होतो आणि इतकी वर्षं ही माणसं मला सांभाळत होती. मार्था पुस्तकावर हात ठेवून काय मागत होती, तेही मला तेव्हाच समजलं. तिला वाजवणं नको नव्हतं, तिला हे गीत हवं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. गाणं आणि बोलणं मेंदूत वेगळ्या वाटांनी चालतं, असं होतं, म्हणाले. मला ते पटलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि त्या दिवसापासून देवाशीही घालत नाही. सगळं नीट मोजून चालणारा माणूस मी, आणि जिथे मोजायला विसरलो तिथेच मला उचलून घेतलं. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. मी रात्री आभार मानतो आणि झोपतो. पूर्वी आधी कारण लागायचं.

पुढच्या रविवारी मंदिर रिकामं झाल्यावर मी झाकण लावायला गेलो, तर मार्थाने थांबवलं. मी तिची खुर्ची पेटीजवळ आणली. तिने डाव्या हाताचं बोट तक्त्यावरून खाली खाली नेलं, दोनशे एकतीसशी थांबवलं आणि कोऱ्या रकान्यावर ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली.

तिचा दुसरा शब्द. मी खिशातून पेन काढलं आणि एकशे सत्त्याऐंशी लिहिलं. आकडा वेडावाकडा आला. बाकी तक्ता माझ्या नीटस अक्षरातला, त्यात तो एकच असा. मी तो खोडून पुन्हा नीट लिहायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"नाय," ती म्हणाली.