बन्सीच्या टांग्याचं बांधलेलं गिऱ्हाईक

कोपरगावच्या टांगा स्टँडच्या तोंडाशीच माझं चहाचं दुकान. नवरा गेल्यापासून मीच चालवते, त्यामुळं स्टँडवरचा एकेक घोडा आणि एकेक गाढव मला ठाऊक. गाढवं म्हणजे टांगेवाले. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही आणि मीही कुणाला सोडत नाही.

खातूनमावशी बांगड्या विकायची. गावातून स्टेशनपर्यंत टांग्यानं, तिथून पॅसेंजरनं पुणतांबा, बेलापूर, जिथं बाजार असेल तिथं. स्टेशन गावापासून लांब, रस्ता खड्ड्यांचा, आणि मांडीवर काचेची टोपली. बाकीचे टांगेवाले घोडा उधळल्यासारखा हाणायचे. बन्सी तेवढा खड्डा दिसला की लगाम ओढायचा, खाली गवताची पेंढी अंथरायचा. म्हणून मावशी त्याच्याच टांग्यात बसायची. वर्षानुवर्षं. तो जेवायला गेला असला तर माझ्या बाकड्यावर बसून राहायची, पण दुसऱ्याकडं बघायची नाही.

बन्सीला त्याचा केवढा अभिमान! सगळ्यांसमोर म्हणायचा, "मावशी, तुमच्या अडीनडीला माझा टांगा दारात उभा. तवा पैसा घेनार न्हाई, सांगून ठिवतो." मावशी हसायची. तिला ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

स्टँडवर एक रीत होती. ज्याचं गिऱ्हाईक बांधलेलं, ते दुसऱ्यानं उचलायचं नाही. उचललं की त्याचा नंबर बंद. आठवडाभर रांगेत उभं राहू देत नसत. एकदा बन्सीचा घोडा लंगडत होता, तेव्हा छगननं मावशीला स्टेशनवर सोडलं. भल्यासाठीच सोडलं. पण खड्ड्यात टांगा आदळला, अर्ध्या बांगड्यांचा चुरा झाला. संध्याकाळी मावशी स्टँडवर येऊन चिडून म्हणाली, "बन्सी सोडून आता कुनाच्या टांग्यात पाय ठिवनार न्हाई." झालं! बन्सीनं रीत पुढं केली आणि ऐन लग्नसराईत छगनचा नंबर गेला. त्याच्या घोड्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशी गत झाली. तेव्हापासून मावशी आली की बाकीचे टांगेवाले तोंड फिरवायचे. तिला त्याचं काही वाटलं नाही. बन्सी होता ना.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. सकाळी मावशी टोपलीशिवाय, काखेत नुसतं गाठोडं घेऊन, डोक्यावरचा पदर सावरत आली. दौंडहून तार आली होती. तिचा भाऊ कमरुद्दीन रात्री गेला. एकुलता एक भाऊ. आई मेली तेव्हा तो रांगत होता, मावशीनंच त्याला वाढवला होता. दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, माती द्यायची होती. उन्हाळ्यात मयत ठेवत नाहीत. सकाळची गाडी मिळाली तर तोंड बघायला मिळणार होतं. मोटारीनं नगरमार्गे जायचं तर संध्याकाळ.

"बन्सी कुठाय?" तिनं विचारलं.

बन्सी वऱ्हाड घेऊन गेला होता. लग्नाची तिथी दाट, दुप्पट भाडं, सगळेच टांगे गेलेले. स्टँडवर एकटा छगन.

मी म्हणाले, "छगन, जोड घोडा, मावशीला सोड."

छगन जागचा हलला नाही. "गोजरबाई, ती बन्सीचं गिऱ्हाईक. त्याला इचारा, मंग नेतो."

"अरे मेल्या, तिचा भाऊ गेलाय!"

"मागं माझा घोडा उपाशी मरत हुता, तवा ह्या बाई एक शब्द बोलल्या न्हाईत." त्याचेही डोळे पाण्यानं भरले होते, हे मला दिसलं. पण तो उठला नाही. मी त्याला इतकं वाईट बोलले की ते इथं सांगण्यासारखं नाही.

मावशीच मला थांबवत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याचं बरूबर हाय." आणि चालायला लागली. गुडघे दुखणारी बाई, त्या उन्हात. मी चुलीवर पाणी ओतलं, दुकान तसंच टाकलं आणि तिचं गाठोडं घेऊन मागं निघाले. वाटेतल्या बाभळीपाशी दम लागला तेव्हा एवढंच म्हणाली, "ईदला आला न्हाई. आजारी हुता म्हनं. मी जायला पायजे हुतं."

तिथंच मागून घुंगरं वाजली. बन्सी. डोक्याला नवा फेटा, तोंडात पान. वऱ्हाड सोडून स्टेशनची भाडी धरायला निघाला होता. आम्हाला बघितलं, काय झालं ते ऐकलं आणि पान थुंकून टाकलं. आम्हाला चढवून त्यानं घोडा असा पळवला की मी दांडा घट्ट धरून बसले. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच खड्ड्यातून गेला.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटावरून निघत होता. मावशी धावली नाही. फलाटावर बसली आणि मोठ्यानं रडली. मी तोवर तिला रडताना पाहिलं नव्हतं.

परत येताना मावशीनं कनवटीचे पैसे काढले. बन्सी हात जोडून म्हणाला, "मावशी, पैसं नगं. मी बोललो हुतो ना, अडीनडीला."

"अडनड तर निघून गेली, बन्सी," ती म्हणाली आणि पैसे बैठकीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती दौंडला निघाली, भावजयीला भेटायला. कबरस्तानात बायका जात नाहीत, भावाची कबर तिला लांबूनच बघायची होती. रांगेत पुढं छगन होता. त्यानं मान खाली घातली. मावशी त्याच्यासमोरून गेली आणि बन्सीच्या टांग्यात चढली. माझं डोकं फिरलं. मी हातातली किटली आपटून म्हणाले, "मावशी, पुन्हा ह्याच्याच टांग्यात?"

ती म्हणाली, "दुसरा कोन घेतो मला?"

बन्सीनं खाली बघतच लगाम हातात घेतला. पहिला खड्डा आला तसा त्यानं घोडा आवरला आणि टांगा अलगद बाजूनं काढला. मावशीच्या मांडीवर त्या दिवशी टोपली नव्हती.